ताटातली दुसरी बाई

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
११ नोव्हेंबर २००७

ती. सौ. नंदाताईस,
शरयूचा सा. न. वि. वि.

आज भाऊबीज. श्रीरामदादाने फोनवरच ओवाळून घेतलं. म्हणाला, नंदाकडे जाऊन आलो, ती दोन मिनिटं बाहेर आली आणि परत आत गेली. मी मागच्या रविवारी फोन केला तेव्हा अरुणभाऊजी म्हणाले, "ती पडलीय जरा." त्याच्या आधीच्या रविवारीही तू पडलेलीच होतीस. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. तुला वाटेल तेव्हा उघड.

आम्ही बरे आहोत. देवदत्त सकाळी साडेसहाच्या गाडीने न्यूयॉर्कला जातो, संध्याकाळी साडेसातला येतो. फराळात चकल्या बिघडल्या, चिवडा जमला. मंडळाच्या दिवाळीला आम्ही गेलो नाही.

येत्या फेब्रुवारीत तुझ्या कादूला जाऊन तीन वर्षं होतील. ती माझ्या घरातून गेली, म्हणून तुला माझा आवाज नको वाटत असेल तर त्यात तुझं काही चुकत नाही. पण तो विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसलेय. तुला माझ्या कामाचं सांगते.

वर्क परमिट आल्यापासून मी जुन्या मातीच्या भांड्यांच्या दुरुस्तीचं काम करते हे तुला माहीत आहे. नागपूरला आर्ट कॉलेजात माती मळायचे तेव्हा बाबा म्हणायचे, कुंभाराकडे देऊ का तुला? आता एक मोठं काम मिळालंय. इथून अर्ध्या तासावर, शेतांच्या मधोमध एक दगडी घर आहे. मिसेस व्हॅन डोरेन नावाच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई तिथे राहतात. त्यांच्या यजमानांनी जन्मभर जुनी फ्रेंच ताटं जमवली. बाई आता ती सगळी एका म्युझियमला देणार आहेत. त्याआधी एकेक ताट उतरवून, तपासून, कुठे तडा आहे, कुठे डागडुजी आहे ते लिहून काढायचं, हे माझं काम.

एका लांब खोलीत एकशे बारा ताटं भिंतीवर काळाच्या क्रमाने टांगलेली आहेत. दाराशी नेव्हेर गावची. सोळाशेच्या सुमाराला इटलीहून आलेल्या कारागिरांकडून तिथले लोक शिकले, त्यामुळे अख्खं ताट म्हणजे एक चित्रच. देव, घोडे, पळणाऱ्या बायका, समुद्र. बोट ठेवायला जागा नाही. मग चीनच्या भांड्यांचं वेड आलं. सगळं निळं-पांढरं झालं. चिनी माणसं फ्रान्सच्या टेकड्यांवर छत्र्या घेऊन बसली. पुढे रूआं गावची ताटं. तिथे माणसं संपली. काठावरून निळी झालर लोंबते आणि मधल्या रिकाम्या जागेकडे सरकत जाते. मग दक्षिणेकडच्या मूस्तिएची. त्यांच्यावर केसासारख्या बारीक रेघांतली अर्धी माणसं, अर्ध्या वेली. शेवटी स्ट्रासबुर्गची, पांढऱ्यावर एकच गुलाबी फूल. त्या शेवटच्या भिंतीशी उभं राहिलं की आपणच एकटे उरलोय असं वाटतं.

बाई म्हणाल्या, "दीडशे वर्षांत सगळे एकेक करून ताटातून निघून गेले. कुठे गेले असतील?"

मी हसले. त्या नाही हसल्या.

त्या खोलीत सकाळी हीटिंग सुरू झालं की ताटं वाजतात. झिलई तापून तडकते तिचा आवाज. टिंग. मग जरा पलीकडे टिंग. भिंतीच्या कडेकडेने कुणी चालत गेल्यासारखा. पहिल्या दिवशी माझ्या हातातली पेन्सिल पडली. बाई म्हणाल्या, "होईल सवय." महिना झाला. नाही झाली.

आणखी एक गंमत. पहिल्या दिवशी मी गाडी लावून आत आले, तर बाई खिडकीशी उभ्या. म्हणाल्या, "त्या मुलीला गाडीत का बसवून ठेवलंस? थंडी आहे, आत बोलाव." मी म्हटलं, मी एकटीच आलेय. त्यांनी परत बाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं." डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्यांच्या. वय झालं.

तब्येत सांभाळ. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
शरयू


वेस्ट विंडसर
२० जानेवारी २००८

ती. सौ. नंदाताईस,
सा. न.

तुझं पत्र संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. तीन वर्षांत तुझं अक्षर पहिल्यांदा पाहिलं. चारच ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की देवदत्तने कागद हातातून काढून घेतला.

तू लिहिलंस, "त्या बाईंना विचार, गाडीतली मुलगी कशी दिसत होती. आणि ती निघाली तेव्हा तुझ्याशी काय बोलली ते एकदा सगळं नीट लिही. फोनवर मला काही ऐकू आलं नव्हतं."

ताई, बाईंची नजर अधू आहे. मी ते तुला हसायला म्हणून लिहिलं होतं. लिहायला नको होतं. तरी विचारीन.

दुसऱ्या गोष्टीचं काय लिहू? तुला ठाऊकच आहे. बर्फ पातळ आहे, असं मी तिला सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही.

इकडे कामात एक विचित्र प्रकार झाला. नेव्हेरच्या ताटांत एक आहे, परातीएवढं. नदीचा काठ, झाडं, आणि पाण्याशी अगदी टोकाला उभी एक तरुण मुलगी. तिच्यामागे नुसतं आभाळ. जुनी ताटं अंधारात जांभळ्या दिव्याखाली धरली की नंतर चढवलेला रंग वेगळा दिसतो. तसं मी हे धरलं, तर त्या मुलीच्या मागचं आभाळ काळवंडलं. बाकी आभाळ जुनं, एवढाच तुकडा मागाहून रंगवलेला. आणि त्या डागाला माणसाचा आकार होता.

सहसा तडा किंवा टवका लपवायला असा रंग देतात. मी बोटाने चाचपलं, वाजवून पाहिलं. ताट तिथे धडधाकट आहे. म्हणजे कुणीतरी चांगल्या ताटातलं एक माणूस झाकून टाकलंय.

बाईंना सांगितलं. त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, "आमच्या घरात आलं तेव्हापासून ते असंच आहे. चाळीस वर्षं त्याच्यासमोर नाश्ता करतेय. तिथे कुणीतरी उभं आहे हे मला ठाऊक होतं."

"कसं काय?"

"त्या मुलीचे खांदे बघ. एकटं असलेलं माणूस असं उभं राहत नाही."

रंग काढायचा की राहू द्यायचा ते म्युझियमला विचारलं. ते म्हणाले, काढा. गेले दहा दिवस काडीला कापूस गुंडाळून, औषधात बुडवून, नखाएवढा भाग रोज साफ करतेय. आधी चपलेचं टोक निघालं. मग घागऱ्याची पिवळी कड. मग कोपर. बाई शेजारी खुर्ची टाकून बसतात. चहा मागवतात तेव्हा तीन कप येतात. मी दोनदा म्हटलं, आपण दोघीच आहोत. त्या मान हलवतात आणि तिसरा कप माझ्यामागच्या टेबलावर ठेवायला सांगतात.

ही ताटं रंगवायची रीत मला फार छळते. त्या काळी भाजलेल्या मातीवर कथलाची पांढरी झिलई चढवायचे. ती वाळली की पिठासारखी होते. त्या कच्च्या पिठावरच चित्र काढायचं. कुंचला टेकला रे टेकला की रंग आत शोषला जातो. पुसता येत नाही. पुसायला जाल तर सगळंच उकरलं जातं. मग रंग आणि झिलई एकत्रच भट्टीत जातात आणि एकजीव होतात. स्ट्रासबुर्गवाले शंभरेक वर्षांनी शहाणे झाले. त्यांनी आधी झिलई भाजून घेतली आणि वरून फूल काढलं. चुकलं तर ओल्या फडक्याने पुसावं, परत काढावं. म्हणून त्यांची फुलं एवढी निवांत दिसतात. पहिल्या भिंतीवरच्या माणसांच्या चेहऱ्यावर ते नसतं. त्यांच्या रंगाऱ्याला ठाऊक होतं की जे एकदा झालं ते झालं.

म्हणजे ती दुसरी बाई पुसली गेलेलीच नाही, ताई. ती कायम तिथेच होती. तिच्यावर नुसतं आभाळ थापलं होतं.

आज इथे उणे आठ आहे. तळ्याकडच्या खिडकीवरचा पडदा आम्ही उघडत नाही.

शरयू


वेस्ट विंडसर
१७ फेब्रुवारी २००८

नंदाताई,

हे पत्र एकटी असताना वाच. आधी भाऊजींना वाचू देऊ नकोस. नंतर त्यांना दे, दादालाही दे.

मी बाईंना विचारलं. पाच तारखेला, मंगळवारी. मुद्दाम त्याच दिवशी कामावर गेले, घरी बसवेना म्हणून. सकाळचे दहा वाजले होते. बाहेर बर्फावर लख्ख ऊन पडलेलं. ताटं वाजायला लागली होती. मी म्हटलं, "मिसेस व्हॅन डोरेन, पहिल्या दिवशी तुम्हाला माझ्या गाडीत कोण दिसलं होतं?"

त्या म्हणाल्या, "तुझी मुलगी."

"मला मूलबाळ नाही."

"मग कुणाची? मागच्या सीटवर बसते. पिवळी लोकरीची टोपी. नेहमी तिथेच असते. तू इतक्या घाईने दार लावतेस की मला तिची दया येते."

ताई, टोपीचं मी तुला कधीच सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. ती टोपी माझी होती. पोलिसांनी पिशवीत घालून परत दिली, ती मी घरात आणलीच नाही. गाडीच्या मागच्या सीटखाली सारून ठेवली. तीन वर्षं तिथेच आहे. बाईंनी कधीतरी गाडीत डोकावून पाहिलं असेल. मोतीबिंदूच्या डोळ्यांना नुसता पिवळा रंग दिसला असेल. मी स्वतःला असं बरंच काही सांगितलं. आणि परत कापसाची काडी उचलली.

त्याच दिवशी ताटातला शेवटचा तुकडा साफ झाला. मागची बाई पुरती दिसली. वयाने जरा मोठी. आणि तिचा हात त्या मुलीच्या पाठीवर, पंजा पसरून टेकवलेला.

बाई काठी टेकत जवळ आल्या. खूप वेळ पाहत राहिल्या. मग मला विचारलं, "ती तिला धरतेय, की ढकलतेय?"

मी पुष्कळ पाहिलं. रंगाऱ्याने ते कळू दिलेलं नाही. आणि माझ्या तोंडून आलं, मराठीत, "जा म्हणाली ती. तिनेच जा म्हटलं."

बाईंना शब्द कळले नाहीत. पण त्यांनी मला खुर्चीत बसवलं, माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं. त्या दिवसानंतर तिसरा कप आलेला नाही. मी त्यांना त्याबद्दल विचारलं नाही.

त्यानंतरही तुला लिहायला बारा दिवस गेले. काल भाऊजींचा फोन आला. फार हळू बोलत होते. म्हणाले, तू घरातले सगळे आरसे काढून माळ्यावर टाकलेत. बेसिनवरचासुद्धा. दोन वर्षं झाली आणि मला कुणी सांगितलं नाही. म्हणाले, "ती म्हणते, मी पोरीला म्हटलं होतं तोंड दाखवू नकोस. आता माझंच मला बघवत नाही." मी फोन ठेवला आणि देवदत्तला सगळं सांगितलं. आज तुला सांगतेय.

त्या शनिवारी सकाळी कादू तुझ्याशी भांडली. ते इथलंच, शॉमबर्गचं स्थळ तिला बघायचं नव्हतं. मी स्वयंपाकघरात होते, तुझा आवाज मलाही ऐकू येत होता. तिने फोन आपटला आणि घरभर फेऱ्या मारायला लागली. साडेदहा वाजले होते.

तुला माहीत नाही की आम्ही दोन वर्षं मुलासाठी दवाखान्यात जात होतो. कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी अकरा वाजता निकालाचा फोन यायचा होता. देवदत्त ऑफिसच्या कामाने डॅलसला गेला होता. मला तो फोन एकटीने घ्यायचा होता. होकार आला तरी, नकार आला तरी, तुझ्या मुलीसमोर नको होता.

कादू म्हणाली, "मावशी, आय नीड सम एअर यार. तळ्यावर चालता येतं ना गं? परवा पोरं स्केटिंग करत होती."

दोन दिवस ऊन पडत होतं. सकाळी चहा करताना खिडकीतून मी पाहिलं होतं, कॉम्प्लेक्सचा माणूस काठाशी 'बर्फ पातळ'ची लाल पाटी ठोकत होता. मी पाहिली होती, ताई. सांगायचं विसरले, असं मी स्वतःला तीन वर्षं सांगत आले. विसरले नव्हते. ती पाटी डोळ्यांसमोर होती आणि घड्याळही डोळ्यांसमोर होतं. पाटीचं सांगितलं तर ती घरातच बसेल, असं कुठेतरी मनात आलं. मी म्हटलं, "रोज चालतात लोक. जा, जरा डोकं शांत होईल." दारात माझी टोपी तिच्या डोक्यावर चढवली, कानावर ओढली. आणि पाठीवर हात ठेवून तिला बाहेर काढलं. हसतच.

अकराला दोन मिनिटं कमी असताना फोन आला. नर्स बोलत असताना बाहेरून एक आवाज आला. टिंग, असा. मग एक लांब, काचेवरून नख ओढल्यासारखा. मला वाटलं, छपरावरचा बर्फ असेल. मी नर्सचं ऐकत राहिले. नकार होता. ती समजावत होती, मी हं हं करत होते. चार मिनिटं. मग फोन ठेवून मी खिडकीशी गेले.

पोलीस आले तेव्हा त्यांनी विचारलं, तिला धोका माहीत होता का? मी म्हटलं, "मी सांगितलं होतं तिला." विचार करून नाही म्हटलं. आपोआप आलं. त्या माणसाने लिहून घेतलं. मग देवदत्तला तेच सांगितलं. मग तुला. तू फोनवर विचारलंस, "म्हणजे पातळ आहे हे कळूनही गेली ती?" आणि मी म्हटलं, "हो."

त्या एका 'हो'ने तू काय समजलीस ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तुझं बोलणं लागलं म्हणून ती जाणूनबुजून गेली. हे तुला वाटतंय हे मला ठाऊक होतं, आणि मी तीन वर्षं तुला ते वाटू दिलं. माझा दोष उचलायला कुणीतरी हवं होतं, आणि तू तो आपणहून उचललास.

आपण कशावर चाललोय हे कादूला माहीत नव्हतं. बर्फ पक्का आहे असं मावशीने सांगितलं म्हणून ती गेली. बस, एवढंच. तुझ्या रागाचा त्यात काहीही भाग नाही.

उद्या देवदत्तबरोबर पोलिसांकडे जाऊन जबाब बदलून देणार आहे. ते काय करतील माहीत नाही. आठ मार्चचं तिकीट काढलंय. नागपूरला दादाकडे उतरेन. तू ये म्हटलंस तर येईन. दार लावून घेतलंस तर दादाकडे चार दिवस राहून परत जाईन, आणि तुला कुणी काही म्हणणार नाही याची काळजी घेईन.

तू विचारलं होतंस, निघताना ती काय बोलली. ते मी आजवर गिळून टाकलं, कारण ते सांगितलं असतं तर माझं खोटं एक दिवसही टिकलं नसतं. जिना उतरताना ती मध्येच थांबली. वर बघून म्हणाली, "मावशी, आईला झोपायच्या आधी एक मिस्ड कॉल दे ना, मी आल्यावर बोलते तिच्याशी. अगं, त्या मुलाचं सोड, पण निम्मं तिचं बरोबर आहे. तिला सांग, मी चिडलेली नाहीये."

ताई, ती चिडलेली नव्हती.

तुझी म्हणायचा हक्क आता तुझ्याकडे,
शरयू